सोडून देण्यासाठी सांभाळायचे

या तिमाहीचा धडा : जखमी रानपाखरे आणि आपण
(आश्रमशाळा, वसतिगृहे आणि वाडीवरील अभ्यासवर्गांसाठी)

पेण आणि रोहा तालुक्यांतील आपल्या वाड्यांवरच्या मुलांना पाखरांची ओळख करून द्यायला शिक्षक लागत नाही. होला कुठे घरटे करतो, लावरी कोणत्या गवतात दबून बसते, घारीची सावली पडली की कोंबडी पिलांना का बोलावते, हे कातकरी आणि ठाकर मुलांना शाळेत नाव घालण्याआधीच ठाऊक असते. तरीही एक गोष्ट आपण त्यांच्याबरोबर बसून शिकावी अशी आहे. जखमी पाखरू हाती आले तर काय करायचे? मला स्वतःला हे उशिरा कळले आणि तोवर एका पाखराचा जीव गेला होता.

वळवाचा पाऊस झाला होता. वसतिगृहातल्या एका मुलाने साळुंकीचे पिलू आणून माझ्या ओंजळीत ठेवले. "ताई, जगेल ना हे?" त्याने विचारले. मी कापसाच्या बोळ्याने पिलाला दूध पाजले. सगळी मुले भोवती जमली आणि प्रत्येकाने हात लावून पाहिला. रात्री पिलू मेले. मी मुलांना सांगितले की त्याचे आयुष्य तेवढेच होते. पुढे एका पशुवैद्यांकडून कळले की खरे कारण मीच होते. दूध पाखरांना पचत नाही. चोचीत ओतलेले पातळ पदार्थ सहज श्वासनलिकेत जातात. इतक्या हातांच्या स्पर्शानेही पाखरू धास्तावते आणि धास्तीनेही मरते. शिवाय त्याचे आईबाप त्याच झाडावर ओरडत असणार. पिलू उचलून फांदीवर ठेवले असते, तर कदाचित तेवढेच पुरले असते.

माया होती, पण माहिती नव्हती. म्हणून हा धडा.

१. आधी कर्नाळा पाहा

आपल्याला सर्वांत जवळचे पक्षी अभयारण्य म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर पेण आणि पनवेलच्या मध्ये असलेले कर्नाळा. १९६८ साली ते जाहीर झाले. आज त्याचे क्षेत्र बारा चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे आणि तेथे दीडशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला तर महामार्गावरूनच दिसतो. मुलांना नेताना हरियाल किंवा मोरटाका यांपैकी एक वाट निवडावी, सकाळी लवकर पोहोचावे आणि पहिली दहा मिनिटे कोणीही बोलू नये. पाखरे दिसण्याआधी ऐकू येतात.

अभयारण्य म्हणजे पाखरांचा दवाखाना नव्हे, हे मुलांना तेथेच समजावून सांगावे. दवाखान्यात जखम बरी होते, पण बरे झालेले पाखरू परत जाणार कुठे? त्याला झाड, पाणी, किडे, फळे आणि निवारा लागतो. रान उरले नाही, तर दवाखान्यातून सुटलेल्या पाखराला जायला जागाच नाही.

पावसाळ्यात गेलात तर तिबोटी खंड्याविषयी सांगा. हा चिमणीएवढा खंड्या जूनच्या सुमारास कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या कड्यात बीळ करून अंडी घालतो. पोट पिवळे-नारिंगी, पाठ निळी, चोच लालसर. तो रात्री प्रवास करतो. वाटेत घरांच्या आणि इमारतींच्या काचांवर आपटून तो बेशुद्ध पडल्याचे दरवर्षी ऐकू येते. असा खंड्या पुष्कळदा केवळ दणक्याने गुंगलेला असतो. काळोख्या, शांत खोक्यात तासभर ठेवले की तो सावरतो. लोक मात्र त्याच्या रंगांवर भुलून फोटो काढतात, तोंडात पाणी ओततात, आणि तो तासभरसुद्धा त्याला मिळत नाही.

२. दवाखान्यात काय करतात

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या या रुग्णालयात जखमी पाखरेही आणली जातात. मकरसंक्रांतीच्या दिवसांत मांज्याने पंख कापलेल्या घारी, बगळे आणि कबुतरे अशा ठिकाणी येतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली आहे, तरी तो झाडांवर अडकलेला दिसतोच.

उपचारांची रीत थोडक्यात अशी असते. आणलेल्या पाखराला आधी ऊब आणि शांतता देतात, तपासणी त्यानंतर. पाखराची हाडे पोकळ आणि पातळ असतात. ती माणसाच्या हाडांपेक्षा लवकर, दोन-तीन आठवड्यांत सांधतात. म्हणूनच उशीर महागात पडतो. हाड वाकडे सांधले, तर पंख कायमचा जातो. मांजराने धरलेल्या पाखराची जखम बारीक दिसली तरी त्याला औषध लागते, कारण मांजराच्या दातांतून घातक जंतू शरीरात जातात. तुटलेले पीस आपल्या नखासारखे असते. ते जुळून येत नाही, गळून नवे यावे लागते.

शेवटची पायरी सर्वांत अवघड. पाखराला मोठ्या पिंजऱ्यात उडवून पाहतात. ते सरळ उडते का, वळते का, स्वतःचे खाणे स्वतः मिळवते का, आणि माणूस दिसल्यावर घाबरून दूर जाते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "होय" आले, तर सेवकाला आनंद होतो. आपल्याला मात्र उलटे आवडते. पाखरू हातावर येऊन बसले की आपण कौतुक करतो. पण माणसाळलेले पिलू रानात टिकत नाही. ते भूक लागली की माणसाकडे येते, आणि प्रत्येक माणूस आपल्यासारखा नसतो.

बरे झालेले पाखरू शक्यतो जेथे सापडले तेथेच सोडतात, कारण तेथली झाडे आणि पाणी त्याच्या ओळखीचे असते. दिवसा फिरणारे पाखरू सकाळी सोडतात आणि घुबड, पिंगळा संध्याकाळी.

३. एकेक पाखरू आणि मूळ कारण

सगळ्या जखमा पट्टीने बऱ्या होत नाहीत. गिधाडांचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे इतकी घटली, की हजारांमागे जेमतेम एक उरले. मेलेली गिधाडे उचलून कारण कळेना. २००४ साली उलगडा झाला. गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करत होते. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात.

म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे उंच झाडांवर गिधाडांची घरटी आहेत. महाडची सीस्केप ही संस्था आणि गावकरी मिळून त्यांची राखण करत आले आहेत. तेथे पिंजरा नाही. झाडे तोडायची नाहीत, मेलेले जनावर त्यांच्यासाठी ठेवायचे आणि घरट्याखाली गलका करायचा नाही, एवढेच उपचार. आपल्या वाडीत गाय-बैल आजारी पडला तर डॉक्टरांना जरूर विचारावे : "हे औषध गिधाडाला चालते ना?"

४. बेचकीविषयी

हा विषय टाळून हा धडा पुरा होत नाही. आपल्या कित्येक मुलांच्या खिशात बेचकी असते. ती पाहून मुलाला सर्वांसमोर रागावणे सोपे आहे. पण ज्या घरात वीटभट्टीवरून परतल्यावर हंडी रिकामी असते, तेथे होल्याचे मांस ही चैन नसते. भूक समजून न घेता सांगितलेला नियम मुलाला फक्त लपवायला शिकवतो.

गडचिरोलीतील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांना शिकार करून परतणारे माडिया लोक भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिलू बिलगलेले होते. डॉक्टरांनी त्यांना दोष दिला नाही. पिलू मागून घेतले आणि बदल्यात धान्य दिले. पुढे लोक स्वतःहून अनाथ पिले आणून देऊ लागले आणि तेथे प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. आधी पोटाचा विचार, मग पाखराचा, हा क्रम आपणही लक्षात ठेवावा.

आणखी एक गोष्ट. फासा लावणाऱ्या हातालाच फास अलगद सोडवता येतो. पीस न मोडता पाखरू कसे धरावे हे आपल्या मुलांना येते. हे कसब आहे, याची जाणीव त्यांना करून द्या.

५. जखमी पाखरू सापडले तर

• आधी लांबून पाहा. अंगावर पिसे आलेले पिलू उडायला शिकत असेल, तर त्याला जवळच्या फांदीवर ठेवून दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिलाला टाकत नाहीत.
• खरोखर जखमी असेल तर सुती फडके टाकून, पंख अंगाशी मिटवून उचला. घार, घुबड यांच्या नख्या आणि बगळ्याची चोच सांभाळा.
• भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोके बंद, सावलीत, मांजर-कुत्र्यांपासून दूर.
• दूध, पाणी, भात, भाकरी तोंडात घालू नका. जखमेवर हळद किंवा तेल लावू नका.
• वनविभागाला कळवा. 'हॅलो फॉरेस्ट'चा क्रमांक १९२६ आहे. कायद्याने रानपाखरू सरकारच्या मालकीचे असते, म्हणून ते हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत वनविभागाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे लागते. पोपट, साळुंकी, मुनिया पिंजऱ्यात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.
• कुठे आणि केव्हा सापडले ते कागदावर लिहून खोक्याबरोबर द्या. सोडताना ते कामी येते.

६. मनन

पाखराची शुश्रूषा करणारा पहिल्या दिवसापासून निरोपाची तयारी करत असतो. आपल्या सेवाकार्यालाही हेच माप लावून पाहावे. वसतिगृहातले मूल दहा वर्षांनी आपल्या दाराशी मदत मागायला यावे, की रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि रोजगार हमीचे काम स्वतः मिळवून वाडीवर ताठ उभे राहावे? ज्याला आपली गरज उरली नाही, त्याच्याकडे पाहून आपल्याला आनंद होतो का? आणि सगळी पाखरे उडत नाहीत, हेही खरे. एका पंखाने अधू झालेल्याला आयुष्यभर आसरा द्यावा लागतो. तोही मायेने द्यावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीवर पाखरे जखमी होण्याची तीन कारणे कोणती? त्यांतले कोणते आपण या महिन्यात दूर करू शकतो?
२. पाखरू माणसाळले तर त्याचे भले होते की नुकसान?
३. एखादा मित्र बेचकी वापरत असेल तर त्याच्याशी कसे बोलाल?

कृती : आजी-आजोबांना विचारून वाडीवरच्या वीस पाखरांची तुमच्या बोलीतली नावे लिहा. पुढे मराठी नावे शोधून लिहा. संक्रांतीनंतरच्या रविवारी गटाने झाडांवर अडकलेला मांजा काढा, पण मोठ्या माणसांना बरोबर घेऊन आणि विजेच्या तारांपासून दूर राहून.