‘स्मृतिचित्रे’: धर्मांतर आणि त्यागाची दोन रूपे

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीवर ऐहिक लाभासाठी धर्म सोडल्याचा आरोप सर्रास केला जाई. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र या आरोपाला अंतर्मुख उत्तर देते. १८५४ मध्ये घेतलेल्या बाप्तिस्म्यापर्यंत आपले मन कसकसे बदलत गेले, याचा आलेख ते मांडते. तेथे निवेदक आणि निर्णय घेणारा एकच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मात्र निर्णय एकाचा आणि निवेदन दुसऱ्याचे आहे. त्यामुळे त्यागाचा प्रश्नच तेथे वेगळ्या रीतीने उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने दिलेला ‘नवा करार’ हे त्याचे निमित्त. टिळक धनवान नव्हते. तेव्हा त्यांनी सोडले ते द्रव्य नव्हे. ज्ञातीतील स्थान, आप्तांचा आधार, पंगतीतील पान आणि घर ही त्यांनी मोजलेली किंमत होती. परंतु तीच किंमत लक्ष्मीबाईंनाही मोजावी लागली, आणि तीही न निवडता. या निर्णयास त्यांची संमती नव्हती. ज्या श्रद्धेसाठी हा त्याग, ती श्रद्धाही तेव्हा त्यांची नव्हती. एकाचा त्याग दुसऱ्याच्या वाट्याला केवळ वियोग म्हणून येतो, हे कटू सत्य मराठी आत्मचरित्रात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले असेल.

येथे एका आक्षेपाचा विचार आवश्यक आहे. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या, तेव्हा हा केवळ पातिव्रत्याचा परिपाक होय, असे म्हणता येईल काय? ग्रंथातील तपशील या मताला दुजोरा देत नाहीत. एकत्र राहू लागल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळतात, स्वयंपाक वेगळा ठेवतात. सहवास आधी आणि श्रद्धा नंतर, असा हा क्रम आहे. जातिभेद ईश्वरनिर्मित की मनुष्यनिर्मित, या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःच्या विचारातून मिळते, आणि त्यानंतरच सोवळे सुटते. पतीमागे जाणे आणि पटल्यावाचून न बदलणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी साधल्या. लादलेला वियोग स्वीकृत त्यागात परिणत होतो तो येथे.

त्यागाचे आणखी एक रूप उत्तरार्धात दिसते. धर्मांतराने टिळकांना मिशनची सेवा आणि वेतन लाभले होते. १९१७ मध्ये त्यांनी त्या सेवेतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही त्याचे द्वार खुले होते. ऐहिक लाभाच्या आरोपाला याहून प्रभावी उत्तर संभवत नाही. मात्र या वेळीही घर चालविण्याचा भार लक्ष्मीबाईंवर होताच. हाती आलेले देऊन टाकण्याची टिळकांची वृत्ती आणि रित्या डब्यांकडे पाहणारी गृहिणी, यांतील विसंगती त्या विनोदाने टिपतात. हा विनोद पतीला लहान करीत नाही. तसेच त्याला देव्हाऱ्यातही बसवीत नाही.

त्यागाचा गौरव करणारे चरित्रवाङ्मय मराठीत विपुल आहे. त्या त्यागाचा हिशेब ठेवणारे, तो कोणाच्या पदरी किती पडला हे सांगणारे वाङ्मय विरळ. ‘स्मृतिचित्रे’ हा हिशेब मांडते आणि तरीही श्रद्धेला उणेपणा आणत नाही. किंबहुना किंमत लपविली नसल्यामुळेच तेथील श्रद्धा वाचकाला विश्वसनीय वाटते. ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्य केवळ साध्या, प्रसन्न शैलीत शोधणाऱ्या अभ्यासकांनी या नैतिक सचोटीकडेही लक्ष द्यावयास हवे.