विजेची कणगी : गाडींतून तारेंत परतणारी वीज

आमगांवच्या शेतकऱ्यास कणगीचें महत्त्व सांगावयास नको. कार्तिकांत निघालेलें धान कणगींत पडतें व पुढें अडीनडीस कामीं येतें. विजेचें तसें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत तिरोड्यास ३३०० मेगावॅटचें औष्णिक केंद्र आहे. परंतु तेथील वीज ज्या क्षणीं उत्पन्न होते त्याच क्षणीं ती कोठें तरी खर्च व्हावी लागते. हा मेळ बिघडल्यास सेकंदास ५० आवर्तनें ही प्रवाहाची ठराविक गति ढळते. त्यांत सौरवीज दुपारीं विपुल, आणि मागणी दिवेलागणीस फार.

विद्युत्‌गाडीची बॅटरी दुपारीं भरावी व सायंकाळीं तींतील कांहीं वीज तारेंत परत द्यावी, हा यावर एक उपाय आहे. गाड्यांकडून अशी वीज घेण्याची कल्पना १९९७ सालीं अमेरिकेंत केंप्टन व लेटेंड्र यांनीं मांडली. जपानांत २०११ च्या भूकंपानंतर, २०१२ सालीं, मोटारीवर घर चालविण्याचें यंत्र विक्रीस आलें.

बॅटरींतील प्रवाह एकदिश असतो, तारेंतील प्रत्यावर्ती. साधा चार्जर तारेंतील वीज बॅटरीजोगी करतो. उलट काम त्यास येत नाहीं. तें दुहेरी यंत्रासच साधतें, आणि गाडींतही तशी सोय असावी लागते.

आतां हिशेब पाहूं. ५ अश्वशक्तीचा पंप, झीज धरून, तासास सुमारें साडेचार युनिटें घेतो. ३ युनिटांच्या दुचाकीवर तो पाऊण तासही चालणार नाहीं. २४ युनिटांच्या मोटारीवर, पांचवा हिस्सा प्रवासास राखून, सुमारें चार तास चालेल. तेव्हां धानाच्या पाण्याची भिस्त गाडीवर ठेवूं नये. घरचे दिवे व पंखे मात्र तीवर सुखानें चालतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी. तार बंद करून लाइनमन खांबावर चढला असतां आपल्या घरची वीज तारेंत शिरली, तर गांवचें रोहित्र उलट चालून तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढवूं शकतें. त्या माणसाचा प्राण जाईल. म्हणून तार बंद पडतांच आपोआप अलग होणारेंच यंत्र घ्यावें, आणि वीज कंपनीच्या मंजुरीवांचून तें तारेस जोडूं नये. केवळ घरापुरती वीज घ्यावयाची असल्यास, घर एका वेळीं तारेस किंवा गाडीस, यांपैकीं एकासच जोडलें जाईल असा बदलता स्विच जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. या कामीं आमच्या वाचकांनीं काटकसर करूं नये, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.