छंद छोट्या मोटारींचा, काळजी गोंदाच्या वाफेची

एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न जरा निराळा असला, तरी अनेकांच्या उपयोगी पडेल, म्हणून आजचा लेख त्यावरच लिहीत आहे. या गृहस्थांचा मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात ते सपत्नीक तेथे राहून आले. तेरा वर्षांचा नातू शाळेतून आला की आपल्या खोलीचे दार लावून घेतो आणि जुन्या अमेरिकन मोटारींची प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडत बसतो. बाहेर बर्फ असल्याने खिडक्या बंद. घरभर गोंदाचा उग्र वास पसरतो. "या वासाने मुलाला अपाय होईल का? हा छंद बंद करायला सांगावा का?" असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधीच देतो. छंद बंद करण्याचे काही कारण नाही. मात्र ते काम बंद खोलीत होता कामा नये. असे का, ते समजावून घेऊ.

हा छंद काय आहे?

मिशिगनमधील डेट्रॉइट हे अमेरिकेच्या मोटार उद्योगाचे माहेरघर. त्या परिसरात १९४८ साली एएमटी नावाची कंपनी निघाली. नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती मोटार विक्रेत्यांना पुरवणे हा तिचा मूळ धंदा. १९५८ पासून तिने सुट्या भागांचे किट बाजारात आणले. एकाच डब्यातून गाडी कारखान्यातून निघाली तशी, मालकाने हौसेने सजवलेली किंवा शर्यतीसाठी तयार केलेली, अशी तीनपैकी कोणतीही जोडता येई. प्रमाण एकास पंचवीस. १९५७ ची शेवरले बेल एअर मूळची २०० इंच लांब, ती मॉडेलमध्ये ८ इंच होते. मागे उंच पंख असलेली १९५९ ची कॅडिलॅक २२५ इंचांची, ती ९ इंच. इंजिन, आसने, चाके असे सगळे भाग सुटे करून, घासून, रंगवून, चिकटवून ही गाडी उभी करायची असते. मुलेच नव्हे, तर निवृत्त झालेली मंडळीही यात रमतात.

डॉक्टर म्हणून मला हा छंद आवडतो. बोटांचे बारीक काम, नकाशा पाहून क्रम लावणे आणि रंग वाळेपर्यंत धीर धरणे, या तिन्ही गोष्टींची सवय त्यातून लागते. तेवढा वेळ मोबाइलही दूर राहतो.

गोंद वाळतो म्हणजे काय होते?

घरातला साधा डिंक वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. मॉडेलचा गोंद तसा नाही. किटचे भाग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. गोंदातील द्रावक हे प्लॅस्टिक वरच्या थरात विरघळवते, दोन्ही भागांचे विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेले की सांधा पक्का होतो. म्हणजे वापरलेले द्रावक शेवटी वाफ होऊन खोलीच्या हवेतच येते. खिडकी बंद असेल तर ते श्वासावाटे फुप्फुसात, तेथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते.

पूर्वी या गोंदात टोल्युईन हे द्रावक सर्रास असे. आज अनेक गोंदांत ॲसिटोन, ब्युटिल ॲसिटेट किंवा मिथिल इथिल किटोन असते. संत्र्याच्या वासाचे, लिमोनीन असलेले गोंदही मिळतात. त्यांचा वास सुखद असला तरी काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. तेव्हा वास चांगला म्हणून गोंद निर्धोक, असे समजू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे आपले नाक थोड्या वेळात वासाला सरावते. काम करणाऱ्याला वास येईनासा होतो, पण वाफ खोलीत असतेच. बाहेरून येणाऱ्या आजोबांना वास येतो आणि नातवाला येत नाही, याचे कारण हेच.

डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे, डोळे व घसा चुरचुरणे ही वाफ जास्त झाल्याची लक्षणे होत. मोकळ्या हवेत गेल्यावर ती बहुधा लवकर कमी होतात. चार थेंब गोंद उघड्या खिडकीपाशी वापरला तर घाबरण्याचे कारण नाही. दमा असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी मात्र त्या खोलीत थांबू नये.

या द्रावकांच्या वाफा हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरतात, आणि त्या ज्वालाग्राही असतात. म्हणून तेथील घर तापवण्याची गॅसची भट्टी असो की आपल्याकडची समई, जवळ ज्योत नको.

अमेरिकेने शिकलेला धडा

१९५९ च्या सुमारास अमेरिकेत काही मुले हा गोंद नशेसाठी हुंगू लागली. त्या वर्षी कोलोराडो राज्यातील डेन्व्हर शहरातल्या वृत्तपत्राने इशारा म्हणून त्याचे सविस्तर वर्णन छापले. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच शहरात असे प्रकार वाढले. अशा बातम्यांनीच मुलांना ही नशा माहीत करून दिली, असे कन्झ्युमर्स युनियन या ग्राहक संस्थेच्या १९७२ च्या अहवालात म्हटले आहे. म्हणूनच मी येथे नशेच्या रीतीविषयी काही लिहिणार नाही, फक्त परिणाम सांगतो.

द्रावके वारंवार हुंगल्याने स्मरणशक्ती, तोल, ऐकणे व मूत्रपिंडे यांना कायमची इजा होऊ शकते. त्याहून भयंकर म्हणजे हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्याच वेळीसुद्धा. १९७० साली डॉ. मिलार्ड बास यांनी अमेरिकेतील अशा ११० तरुणांच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत सफाईची द्रावके व स्प्रेच्या डब्यांतील वायू प्रामुख्याने होते. टेस्टर या अमेरिकन कंपनीने आपल्या गोंदात मोहरीचा झोंबरा अर्क घालायला सुरुवात केली. मोहरी फेसताना नाकाडोळ्यांची काय दशा होते हे आपल्या गृहिणींना ठाऊकच आहे.

पालकांनी एवढे पाहावे: गोंद भराभर संपतो, पण मॉडेल पुढे सरकत नाही. कपड्यांना किंवा श्वासाला रसायनाचा वास येतो. नाकातोंडाभोवती पुरळ दिसते. मूल सुस्त किंवा चिडचिडे होते. असे आढळल्यास ओरडू नका आणि पाठलाग करू नका. घाबरल्याने शरीरात स्रवणाऱ्या ॲड्रिनलिनने हृदयाची लय त्याच क्षणी बिघडू शकते. शांतपणे मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. पंक्चरचे सोल्यूशन व थिनर यांनाही हेच लागू आहे, म्हणून आपल्या गावातल्या पालकांनीही हे लक्षात ठेवावे.

रंग, सुपर ग्लू आणि ब्लेड

स्प्रेने रंगवणे उघड्यावर किंवा एक्झॉस्ट फॅनसमोर करावे. कोरोनाच्या काळातला कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. काही हौशी लोक खऱ्या मोटारीचा, दोन द्रव मिसळून करायचा चकचकीत लेप वापरतात. त्यातील आयसोसायनेटने दमा जडू शकतो, म्हणून घरात तो नकोच. प्लॅस्टिक घासताना पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा, म्हणजे धूळ उडत नाही.

सुपर ग्लूने बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवावीत. पापण्या चिकटल्या तर जबरदस्तीने उघडू नयेत, पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. हा गोंद कापसाने पुसू नये, कापसावर तो इतका तापतो की भाजू शकते.

ब्लेडने कापताना धार आपल्या दुसऱ्या हातापासून दूर राहील असे धरावे. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतलेली असावी.

लक्षात ठेवा

१. खिडकी उघडी ठेवून काम करा. थंडी असेल तर निदान गोंद व रंगाचे काम तेवढ्यापुरते खिडकी उघडून, पंखा बाहेरच्या दिशेने लावून करा.
२. बाटलीचे झाकण प्रत्येक वेळी लावा. चिकटवलेले भाग झोपायच्या खोलीत वाळत ठेवू नका.
३. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहा. काम छातीच्या उंचीवर घ्या, मान दुखणार नाही. चाळिशीनंतर चष्मा तपासून घ्या.
४. सव्वा इंचाहून लहान भाग तीन वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. काम संपताच डबा वर ठेवा.
५. लहान मुलांना गोंदाशिवाय, दाबून बसणारे किट द्यावे.
६. काम करताना खाऊ नये, नंतर हात साबणाने धुवावेत.

काम करताना डोके जड वाटले तर "थोडेच राहिले आहे" म्हणून बसून राहू नये. झाकण लावावे, खिडकी उघडावी आणि खोलीबाहेर जावे. राहिलेले चाक उद्या बसवता येते.