प्रश्न कसा विचारावा? : ऑस्ट्रेलियांतील १९९९ चें सार्वमत

'अमक्या सालीं अमका देश प्रजासत्ताक झाला' असें वाक्य आपण इतिहासांत वाचतों व पुढें जातों. त्या देशांतील लोकांस कोणी कांहीं विचारलें होतें काय, आणि विचारलें तर कोणत्या शब्दांत, याकडे आपलें लक्ष जात नाहीं. आपल्या देशांत हा निर्णय घटनासमितीनें केला. त्यासाठीं निराळें मतदान झालें नाहीं. इटलींत २ जून १९४६ रोजीं मतदारांपुढें राजसत्ता व प्रजासत्ताक असे दोनच पर्याय होते; सुमारें शेंकडा ५४ मतें दुसऱ्यास पडलीं व राजास देश सोडावा लागला.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट इतकी सरळ नाहीं. तेथें ब्रिटनच्या सिंहासनावरील व्यक्तीच राष्ट्रप्रमुख असून तिचे अधिकार गव्हर्नर-जनरल चालवितो. ११ नोव्हेंबर १९७५ रोजीं गव्हर्नर-जनरल सर जॉन कर यांनीं, कनिष्ठ सभागृहांत बहुमत असलेले मुख्य प्रधान गॉफ व्हिटलॅम यांस पदच्युत केलें. लोकांनीं न निवडलेल्या माणसाच्या हातीं एवढी सत्ता असावी काय, ही चर्चा तेव्हांपासून वाढत गेली.

फेब्रुवारी १९९८ मध्यें कॅनबेरा येथें १५२ प्रतिनिधींची घटनापरिषद भरली. प्रजासत्ताक व्हावें, या तत्त्वास ८९ जणांनीं अनुकूल व ५२ जणांनीं प्रतिकूल मत दिलें. परंतु अध्यक्ष कसा नेमावा हा प्रश्न निघतांच एकी मोडली. पार्लमेंटनें दोन-तृतीयांश मतांनीं तो नेमावा, या योजनेस ७३ मतें पडलीं, ५७ विरुद्ध गेलीं, आणि २२ जण तटस्थ राहिले. १५२ पैकीं ७३ म्हणजे निम्मे देखील नव्हेत! तरीही हीच योजना मतदारांपुढें गेली.

आपल्या वर्गास 'सहलीस जावयाचें काय?' असें विचारलें तर बहुतेक हात वर होतील. 'पहांटे चार वाजतां निघून पायीं गडावर जावयाचें काय?' असें विचारलें तर कित्येक हात खालीं येतील. आणि त्यांत सहल मुळींच नको म्हणणारे व आगगाडीनें जाऊं इच्छिणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतील. ऑस्ट्रेलियांत असेंच झालें. अध्यक्ष जनतेनेंच प्रत्यक्ष निवडावा असें म्हणणारे कित्येक प्रजासत्ताकवादी राणीच्या निष्ठावंतांबरोबर 'नाहीं' म्हणाले. ६ नोव्हेंबर १९९९ रोजीं सुमारें शेंकडा ४५ 'होय' व शेंकडा ५५ 'नाहीं' अशीं मतें पडलीं. घटना बदलण्यास एकंदर बहुमत आणि शिवाय सहांपैकीं चार राज्यांत बहुमत लागतें. येथें एकाही राज्यांत 'होय'ची सरशी झाली नाहीं.

आधीं 'प्रजासत्ताक हवें कीं नको' हें विचारून मग त्याचा प्रकार ठरवावा, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. माझाही कल तिकडेच आहे. तथापि प्रतिपक्षाचा आक्षेप हलका नाहीं : नवें घर कसें बांधणार हें न सांगतां जुनें पाडण्याची संमति मागणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही मागणेंच होय. शिवाय तेथील घटनेप्रमाणें दुरुस्तीचा मसुदाच लोकांपुढें ठेवावा लागतो. नुसत्या तत्त्वावर मत घेतल्यास तें सरकारवर बंधनकारक होत नाहीं.

मौजेची गोष्ट अशी कीं, १९७७ सालीं राष्ट्रगीत निवडावयाचें होतें, तेव्हां याच देशांतील मतदारांस चार गीतें देऊन पसंतीचा क्रम लावण्यास सांगितलें होतें. राष्ट्रप्रमुखाच्या बाबतींत तशी मोकळीक मिळाली नाहीं. राणी एलिझाबेथ २०२२ सालीं निवर्तल्या व चार्ल्स राजे झाले. त्या निमित्तानेंही हा प्रश्न मतदारांपुढें पुन्हां आला नाहीं.