चट्टा लाल झाला म्हणून गोळ्या सोडू नका



यवतमाळसह विदर्भात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. त्याचा जंतू त्वचेत आणि नसांत लपून राहतो. मग शरीर त्याला ओळखते कसे?

हे काम रक्तातील टी-पेशींचे. टी-पेशी अख्खा जंतू पाहत नाही. दुसऱ्या पेशी जंतू गिळतात, त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि ते एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवतात. टी-पेशीवरील रिसेप्टर तुकडा आणि आपल्याच शरीराचा एचएलए, दोन्ही एकत्र तपासतो. जुळले तरच पेशी कामाला लागते. असे दुहेरी ओळखणे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ साली विषाणूंवरील प्रयोगांत दाखवले. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

एका टी-पेशीवर एकाच प्रकारचा रिसेप्टर असतो, पण शरीरात असे लाखो प्रकार असतात. ज्याच्या टी-पेशी कुष्ठजंतूला जोमाने ओळखतात, त्याला चट्टे थोडे येतात. ज्याच्या ओळखत नाहीत, त्याच्या अंगात जंतू वाढतात आणि चट्टेही वाढतात.

आता महत्त्वाचे. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, टी-पेशी जंतूच्या उरलेल्या तुकड्यांवर अचानक तुटून पडतात. चट्टा लाल होऊन सुजतो, नस दुखते, हातापायातली ताकद जाते. घरचे म्हणतात, ‘औषध बाधलं’, आणि गोळ्या बंद होतात. हे औषधाचे बाधणे नव्हे, ही ‘रिअॅक्शन’ आहे. गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. नसेची सूज उतरवायला डॉक्टर स्टेरॉइड देतात. उशीर झाला तर नस कायमची जाते. मग चुलीचा चटका किंवा पायातला काटाही कळत नाही.

न खाजणारा, बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की आशाताईंना दाखवा. एमडीटी औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आजाराच्या प्रकारानुसार ते सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होणे थांबते. म्हणून त्याचे ताट-वाटी वेगळी करू नका. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या कायद्याने रद्द झाले आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याच्या धम्मदीक्षेची कथा दिली आहे. तथागतांनी त्याला दूर बसवले नाही. आपणही कोणाला बसवू नये.