होली क्रॉसच्या कबरी आणि चंदेरी पडदा



नोव्हेंबर आला की आपण सगळे दफनभूमीकडे वळतो. कबरी धुतो, गवत काढतो, चुना लावतो, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या घेऊन जातो. फादर कबरींना आशीर्वाद देत फिरतात आणि आपण आपापल्या माणसाच्या क्रूसाजवळ थांबतो. हे सगळे आटोपले की फाटकाबाहेर वडिलधाऱ्यांच्या गप्पा रंगतात. गेल्या वर्षी या गप्पा कशा कोण जाणे, पण धोबीतलावच्या मेट्रो थिएटरवर आणि तिथे पाहिलेल्या इंग्रजी सिनेमांवर जाऊन पोचल्या. रिटा हेवर्थ, लोरेटा यंग, क्लार्क गेबल! तरुण मंडळी नुसती ऐकत होती. त्यांना यातले एकही नाव ठाऊक नव्हते. तेव्हाच आम्ही ठरवले की या महिन्याच्या अभ्यासलेखात एका दूरच्या दफनभूमीला भेट द्यायची.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटी नावाचे गाव आहे. १९३८ साली धोबीतलावचे मेट्रो थिएटर ज्या एम.जी.एम. कंपनीने बांधले, तिचा प्रचंड स्टुडिओ याच गावात होता. तिथून जवळच कॅथॉलिक लोकांची होली क्रॉस दफनभूमी आहे. १९३९ साली ती सुरू झाली. आत मारियामातेची एक गुहा आहे आणि तिच्या आसपास अनेक नटनट्या विसावल्या आहेत. ज्यांचे चेहरे चाळीस फूट पडद्यावर झळकले, त्यांच्या कबरींवर गवताच्या पातळीत बसवलेली एक साधी पाटी, एवढेच.

तिथे जॅकी कूगन आहे. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या 'द किड' सिनेमातले ते फाटक्या कपड्यांतले गोड पोर आठवते? तोच हा. लहानपणी त्याने लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर त्याने आपले पैसे मागितले, तर आई आणि सावत्र वडिलांनी ते उडवून टाकलेले! १९३८ साली त्याने सख्ख्या आईवर दावा लावला आणि शेवटी हाती जेमतेम सव्वा लाख डॉलर आले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे मुलाची कमाई आईबापांचीच असे. या प्रकरणामुळे १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला. बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग त्याच्या नावावर वेगळा ठेवण्याची सोय त्यात झाली. तो कायदा आजही कूगनच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा स्वतःला मात्र फायदा झाला नाही. (टीव्हीच्या स्पर्धांत लेकरांना उतरवणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट जरूर वाचावी, एवढेच आम्ही म्हणू.)

गुहेजवळ बेला लुगोसी आहे. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'ने तो जगाला माहीत झाला आणि त्याच सिनेमाने त्याला कायमचे जखडून ठेवले. पुढे भुताखेतांखेरीज भूमिकाच मिळेनात. दुखण्यावर डॉक्टरांनी मॉर्फिन दिले, ते व्यसन बनले. १९५५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तो स्वतःहून उपचारासाठी सरकारी इस्पितळात दाखल झाला. त्या काळी नटाने असे उघड सांगणे नवीनच होते. आपल्याकडेही घरातले व्यसन शेजाऱ्यांना कळू नये म्हणून किती धडपड चालते ते आपण जाणतो. पुढच्याच वर्षी तो वारला. घरच्यांनी त्याला ड्रॅक्युलाच्या काळ्या झग्यातच पुरले.

आता रिटा हेवर्थकडे येऊ. तिच्याजवळ आम्हांला जरा जास्त वेळ थांबायचे आहे.

तिचे खरे नाव मार्गारिटा कान्सिनो. १९१८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मली. वडील स्पेनहून आलेले नर्तक. पोरगी बारा-तेरा वर्षांची होते न होते तोच बापाने तिला जोडीदार करून सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या क्लबांत नाचायला नेले. ती मुलगी नव्हे तर बायको वाटावी असा तिचा वेश असे. बापाने तिच्यावर अत्याचार केला होता, असे तिचे दुसरे पती ऑर्सन वेल्स यांनी पुढे तिच्या चरित्रकार बाईंना सांगितले. स्टुडिओच्या हाती ती लागली तेव्हा त्यांना तिचे स्पॅनिश रूप नको होते. काळे केस तांबूस रंगवले, कपाळावरची केसांची रेषा विजेच्या उपचाराने मागे सरकवली, आडनाव पुसून आईकडचे नाव थोडे बदलून लावले. १९४६ साली 'गिल्डा' आला आणि ती जगाची लाडकी झाली. त्याच वर्षी बिकिनी बेटावर अमेरिकेने अणुबॉम्बची चाचणी केली, तेव्हा एका बॉम्बवर तिचे चित्र चिकटवले होते. तिला हे कळले तेव्हा ती संतापली, पण तिला विचारतो कोण!

पाच लग्ने झाली, पाचही मोडली. पण तिची खरी शोकांतिका पुढे आहे. चाळिशी-पन्नाशीत तिला संवाद पाठ होईनात. १९७२ च्या शेवटच्या सिनेमात एकेक ओळ सांगून तिच्याकडून काम करवून घ्यावे लागले. माणसे ओळखेना, मध्येच भडके. ती पीत असे हे खरेच. म्हणून सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: दारू! १९७६ साली लंडनच्या विमानतळावर ती विमानातून उतरली ती विस्कटलेले केस आणि भेदरलेला चेहरा घेऊन. फोटोग्राफर वाट पाहतच होते. दुसऱ्या दिवशी तो चेहरा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला आणि जग हसले.

दारू हे अर्धेच सत्य होते. तिला अल्झायमर झाला होता. १९८० च्या सुमारास निदान झाले तोवर कित्येक वर्षे निघून गेली होती. त्या काळी हा शब्द सामान्य माणसाने ऐकलेलाही नव्हता. मुलगी यास्मिन आगाखान हिने १९८१ साली कोर्टाकडून आईची जबाबदारी घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये शेजारच्याच घरात ठेवून शेवटपर्यंत तिचे केले. शेवटी रिटा मुलीलाही ओळखत नव्हती. १४ मे १९८७ रोजी ती गेली, वय ६८. बेव्हर्ली हिल्सच्या गुड शेफर्ड चर्चमध्ये मिस्सा झाली आणि होली क्रॉसच्या गुहेजवळ तिला ठेवले. आपल्या आईचा आजार यास्मिनने लपवला नाही, जगाला सांगितला. तिने अमेरिकेत या रोगाच्या संशोधनासाठी मोठा निधी उभा केला. आज आपल्या घरातली आजी तेच ते विचारू लागली, जेवल्यावरही 'मला कुणी वाढलेच नाही' म्हणू लागली, की आपण निदान डॉक्टरांकडे तरी नेतो. त्यामागे त्या विमानतळावरच्या चेहऱ्याचाही थोडा वाटा आहे.

त्याच दफनभूमीत लोरेटा यंग आहे. आपल्या आईच्याच कबरीत तिला पुरले आहे. लोरेटा कट्टर कॅथॉलिक. तिच्या सेटवर कुणी शिवी दिली की तिच्या पेटीत दंडाचे नाणे टाकावे लागे आणि तो पैसा कुमारी मातांच्या आश्रयगृहाला जाई, असे सांगतात. लोक या पेटीची थट्टा करीत. पेटीमागचे दुःख फार थोड्यांना माहीत होते.

१९३५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्याच्या बर्फाळ डोंगरात एका सिनेमाचे चित्रीकरण चालले होते. लोरेटा २२ वर्षांची, नायक क्लार्क गेबल ३४ वर्षांचा आणि विवाहित. तिला दिवस गेले. तेव्हा नटनट्यांच्या करारात चारित्र्याचे कलम असे; बभ्रा झाला तर दोघांचेही काम बंद. अशा वेळी स्टुडिओकडून गुपचूप गर्भपाताची व्यवस्था होई. लोरेटाने ते केले नाही. ती आजारी असल्याची बातमी पसरवली गेली आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये एका लहानशा घरात मुलगी जन्मली, ज्युडी. लेकराला काही महिने लपवले, मग अनाथालयात ठेवले आणि दीड-दोन वर्षांची झाल्यावर लोरेटाने जाहीर केले की आपण एक मुलगी दत्तक घेत आहोत. पोटची पोर दत्तक!

मुलीचे कान मात्र हुबेहूब गेबलसारखे, मोठे आणि बाहेर आलेले. म्हणून सतत टोपडे. सातव्या वर्षी शस्त्रक्रिया करून कान मागे बसवले. हॉलिवूडमध्ये सगळ्यांना कुजबुजीने माहीत होते, फक्त त्या मुलीला नव्हते. ती पंधरा वर्षांची असताना गेबल एकदा घरी आला, तिच्याशी बराच वेळ बोलला, जाताना कपाळाचे चुंबन घेतले. आपण कुणाशी बोललो हे तिला कळले नाही. लग्नाच्या वेळी होणाऱ्या नवऱ्याने तिला सत्य सांगितले. १९६० साली गेबल वारला. १९६६ साली तिने आईला समोरासमोर विचारले तेव्हा आईने कबूल केले, पण बाहेर बोलायचे नाही या अटीवर. १९९४ साली ज्युडीने पुस्तक लिहिले तेव्हा मायलेकींचे बोलणे काही वर्षे तुटले. पुढे समेट झाला. २००० साली लोरेटा वारल्यानंतर आलेल्या तिच्या अधिकृत चरित्रात अखेर तिची कबुली छापली गेली.

अजून एक गोष्ट आहे. २०१५ साली लोरेटाच्या सुनेने सांगितले की १९९८ च्या सुमारास, ऐंशी उलटलेल्या लोरेटाने टीव्हीवर एक चर्चा ऐकली. ओळखीच्या पुरुषाने केलेली जबरदस्ती हाही बलात्कारच असतो, हे तिला तेव्हा प्रथम कळले. आणि ती म्हणाली की गेबलबरोबर आपले तेच झाले होते. उत्तर द्यायला गेबल हयात नव्हता, हे खरे. पण जवळजवळ पासष्ट वर्षे ती बाई ज्याला स्वतःचे पाप समजत राहिली, त्याला दुसरे नाव असू शकते हे तिला कुणी सांगितले नव्हते. मिस्साला नियमित जाणारी, सर्वांनी आदर्श म्हणून पाहिलेली बाई! तिच्या आजूबाजूला एवढी माणसे असताना ती हे कुणाजवळ बोलू शकली नाही, याचे आम्हांला फार वाईट वाटले. आणि ज्युडी? ती पुढे समुपदेशक झाली, पालक घरात वाढणाऱ्या मुलांसाठी तिने काम केले. २०११ साली तीही गेली.

जाता जाता एकीचा उल्लेख करायलाच हवा. ती होली क्रॉसमध्ये नाही, पण ती आपल्या मुंबईची. मर्ल ओबेरॉन. १९११ साली मुंबईत जन्मली. बाप रेल्वेत काम करणारा इंग्रज, तिला वाढवणारी शार्लट सिलोनची, मिश्र वंशाची. खरे तर शार्लट तिची आजी होती. जन्म देणारी कॉन्स्टन्स ही शार्लटची मुलगी, स्वतःच अजून लहान पोर. म्हणून तिला बहीण म्हणून सांगितले गेले. मर्लचे शिक्षण कलकत्त्यात झाले. पुढे ती इंग्लंडला गेली आणि तिथून हॉलिवूडला. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. २०२३ साली मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले तेव्हा हे जुने नामांकन पुन्हा सर्वांना आठवले.

त्या काळी अमेरिकेत भारतीय माणसाला नागरिकत्व मिळत नसे. ते दार १९४६ साली उघडले. पडद्यावर गोऱ्या आणि काळ्यांचे प्रेम दाखवायलाही बंदी होती. म्हणून स्टुडिओने एक कहाणी रचली: मर्लचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर झाला, आईबाप गोरे, कागदपत्रे आगीत जळाली. शार्लट तिच्याच घरात राहत असे, पण पाहुणे आले की मोलकरीण म्हणून वावरे. १९३७ साली शार्लट वारली. पुढे मर्लने तिचे एक चित्र काढून घेतले आणि चित्रकाराला रंग उजळ करायला सांगितले. ते चित्र तिने आयुष्यभर घरात लावले.

१९७८ साली टास्मानियाच्या होबार्ट शहराने आपल्या 'कन्ये'चा सत्कार ठेवला. मर्ल गेली खरी, पण समारंभात बोलता बोलता आपला जन्म इथला नाही असे काहीसे पुटपुटली आणि तिला बरे वाटेनासे झाले. पुढच्याच वर्षी ती वारली. कॉन्स्टन्सच्या मुलाने तिचा जन्मदाखला शोधून काढला. आगीत काही जळाले नव्हते. नोंद मुंबईच्या दप्तरात तशीच होती, आईच्या रकान्यात कॉन्स्टन्सचे नाव लिहिलेली.