माणूस काढायला शिकवताना

रायपूरच्या भनपुरीत लाकडाच्या वखारी आहेत, लोखंडाचे कारखाने आहेत आणि बिलासपूर रस्त्यावर दिवसरात्र धावणारे ट्रक आहेत. इथल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं मुलांना मनुष्याकृती काढायला शिकवते. माझं शिक्षण नागपूरचं, संसार रायपूरचा. माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक कारखान्यातल्या कामगारांची. घरात कुणी छत्तीसगडी बोलतं, कुणी तेलुगू, दोन-चार घरांत मराठी. झाड, झोपडी, डोंगर ही मुलं सहज काढतात. माणूस आला की पेन्सिल अडते. "मॅडम, माणूस बरोबर येत नाही," हे मी सगळ्या भाषांत ऐकलं आहे.

हे 'बरोबर' कुणी ठरवलं, या प्रश्नाभोवतीच माझं सगळं शिकवणं फिरत राहिलं. शरीर हजारो वर्षांत फारसं बदललेलं नाही, पण त्याची चित्रं आणि शिल्पं मात्र प्रत्येक काळात वेगळी झाली. माणसात काय महत्त्वाचं, हे त्या त्या लोकांनी ठरवलं आणि तेवढंच मोठं करून दाखवलं. हे समजायला युरोपातलं संग्रहालय लागत नाही. भनपुरीहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी याचे दाखले आहेत.

१. आधी तसं उभं राहून बघायचं, मग काढायचं.

नवीन मुलाला मी पहिल्यांदा विठोबा काढायला लावते. पाय जुळलेले, हात कमरेवर, मान सरळ. सगळं वजन दोन्ही पायांवर सारखं. मूर्तिशास्त्रात याला समपाद म्हणतात. मूल स्वतः तसं उभं राहतं आणि त्याला कळतं की असं उभं राहिल्यावर आपण कुठेही जाणार नसतो. वाट पाहणाऱ्याचं हे उभं राहणं आहे, आणि अठ्ठावीस युगांची वाट दाखवायला दुसरी कुठलीही ठेवण चालली नसती.

मग मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं छायाचित्र पुढे ठेवते. मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा पहिल्या बाजूला. हा त्रिभंग. तसं उभं राहताना मुलं हसतात, धडपडतात, आणि एका पायावर वजन आलं की दुसरी बाजू आपोआप सैल पडते हे त्यांच्या अंगाला समजतं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात मार्कंडेय वज्र राजाला सांगतो की नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणं कठीण. हे वाक्य मला आधी शास्त्रातला अलंकार वाटे. पाय अवघडलेली मुलं पाहिल्यावर ते किती व्यवहारी आहे हे उमगलं.

जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून तेरा वर्षं दर हिवाळ्यात अजिंठ्याला जाऊन या भिंतींच्या प्रती करत होते. त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार होते. त्यातल्या पुष्कळ प्रती पुढे लंडनला आगीत जळाल्या. ज्या हातांनी त्या केल्या त्या हातांत मात्र ती वळणं राहिली असणार. म्हणून मी नक्कल करण्याला कमी लेखत नाही. चांगल्या रेषेमागून शंभरदा हात फिरवावा.

२. मापं पाठ करावीत, पण ती कुणाची मापं हे विचारावं.

चित्रकलेच्या परीक्षेच्या पुस्तकांत माणूस साडेसात किंवा आठ डोक्यांचा असतो. मुलं ते मंत्रासारखं म्हणतात. आपल्या शिल्पशास्त्रात मोजायचा तो चेहरा, केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत, आणि त्याला म्हणतात ताल. एक ताल बारा अंगुळांचा. नवतालाची मूर्ती म्हणजे 108 अंगुळांची. चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार येतात. हंस 108 अंगुळं, भद्र 106, मालव्य 104, रुचक 100 आणि शशक 90. एकाच साच्यातला आदर्श पुरुष त्यांनी मानला नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून सुंदर गोष्ट अंगुळाची. हे अंगुळ गवंड्याच्या किंवा राजाच्या बोटाचं नसतं. मूर्ती जेवढी उंच करायची तिचेच समान भाग पाडून तिचं स्वतःचं अंगुळ काढायचं, त्याला देहांगुल म्हणतात. वीतभर मूर्ती आणि मंदिराएवढी मूर्ती, दोन्ही आपापल्या मापाने पूर्ण. वर्गात मी प्रत्येकाला कागदाची पट्टी देते, हव्या तेवढ्या उंचीची, आणि तिच्या घड्या घालून भाग पाडायला लावते. फूटपट्टी त्या दिवशी दप्तरात राहते.

इजिप्तच्या चित्रकारांनी भिंतीवर चौकटी आखून उभा माणूस पायांपासून केसांच्या कडेपर्यंत अठरा घरांत बसवला, आणि ती पद्धत शेकडो वर्षं टिकली. लिओनार्दोने 1490 च्या सुमारास माणसाला वर्तुळात आणि चौकोनात हातपाय पसरून उभं केलं. इजिप्तला शाश्वती हवी होती, लिओनार्दोला विश्वाच्या रचनेशी शरीराचा मेळ. माझ्या मुलांना काय हवं आहे हे त्यांनी ठरवायचं, पण आधी एक माप नीट पाळून दाखवायचं. न पाळता मोडलेलं माप नुसतं आळसाचं दिसतं.

३. चेहऱ्यावाचूनही माणूस होतो.

छत्तीसगडातल्या रायगढजवळ सिंघनपूर आणि कबरा पहाड इथल्या खडकांवर गेरूच्या रंगातली काडीसारखी माणसं आहेत. नाक नाही, डोळे नाहीत. तरी कोण पळतो आहे आणि कोण शिकारीमागे आहे ते दिसतं. आपल्या वारली चित्रात टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड. सगळी हालचाल त्या टोकाशी, कमरेत. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत शेकडो माणसं एका कागदावर काम करतात, नाचतात, चालतात, आणि प्रत्येकाची कंबर वेगळी वळलेली असते. ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला 1908 मध्ये सापडलेली जेमतेम अकरा सेंटीमीटरची दगडी स्त्री, तिलाही चेहरा नाही.

ज्याला चेहरा जमत नाही त्याला मी महिनाभर चेहरा काढूच देत नाही. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कसलेल्या हाताने होते, ते उगीच नाही.

४. वस्तू कशी घडते हे हाताला कळलं पाहिजे.

भनपुरीत राहण्याचा मला झालेला मोठा लाभ म्हणजे ओतकाम जाणणारे पालक. कोंडागावच्या घडवा कारागिरांची एक पितळी बाई माझ्याकडे आहे. बारीक लांब हात, अंगभर सुतासारख्या रेघा. एका मुलाचे वडील फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करतात. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "मॅडम, कोअर मातीचा दिसतो. हवा कुठून काढली?" इतका नेमका प्रश्न मी कलेच्या प्रदर्शनात कधी ऐकला नाही.

मग वर्गात आम्ही तो क्रम लावला. आधी मातीचा गाभा. त्यावर मधमाशीच्या मेणाचे बारीक दोरे शेजारी शेजारी गुंडाळायचे, दागिने आणि डोळेही मेणाचेच. वर मऊ मातीचा लेप, त्यावर जाड मातीचा. भट्टीत मेण निघून जातं आणि त्या पोकळीत पितळाचा रस शिरतो. थंड झाल्यावर साचा फोडायचा, म्हणून तशीच दुसरी मूर्ती होत नाही. अंगावरच्या त्या रेघा मेणाच्या दोऱ्याच्या आहेत. सोयीतून ते शरीर तसं झालं आणि सोयीचंच पुढे सौंदर्य झालं. जयदेव बघेल यांनी हे काम कोंडागावातून साऱ्या देशाच्या नजरेत आणलं.

त्यानंतर मुलांना घेऊन रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात जावं. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी 1875 मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय, देशातल्या जुन्यांपैकी एक. सिरपूरला 1939 मध्ये सापडलेल्या कांस्यमूर्तींपैकी काही इथे आहेत. तंत्र तेच, मेण घालवून धातू भरण्याचं, पण माणूस किती निराळा! खांदे गोल, त्वचा आतून श्वासाने भरल्यासारखी, डोळ्यांत चांदी, ओठांना तांबं, अंगावर सोन्याचा मुलामा. त्याच गटातली तारा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. ती इथून गेली याचं मला दुःख आहे आणि ते मी मुलांपासून लपवत नाही.

विनायकराव करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात 1928 मध्ये बसला, तोही शेवटी ओतकामगारांच्या हातूनच गेला. अलिबागजवळच्या सासवण्यात त्यांनी सिमेंटमध्ये कोळीण उभी केली, 'मत्स्यगंधा'. देवाधर्माच्या मापातली नव्हे, गावात रोज दिसणारी. कामगारांच्या मुलांना मी ते छायाचित्र मुद्दाम दाखवते.

५. भीती वाटेल असं शरीरही बघू द्यावं.

बिलासपूर जिल्ह्यात मनियारी नदीकाठी ताला नावाचं गाव आहे. तिथल्या देवरानी मंदिराजवळ 1988 मध्ये सुमारे अडीच मीटर उंचीची आणि काही टन वजनाची मूर्ती निघाली. तिला रुद्रशिव म्हणतात. डोक्याला सापांचं पागोटं, नाक पालीचं, मिशा माशांच्या, हनुवटी खेकड्याची, कान मोरांचे, खांद्यावर मगरी. छातीवर, पोटावर, मांड्यांवर माणसांचे चेहरे. गुडघ्यांवर सिंह. अभ्यासक ती पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. नेमकी कुठल्या देवतेची, यावर मतं अनेक आहेत.

मला त्यात एक कणखर विचार दिसतो. माणूस एकट्याने माणूस झालेला नाही, पाण्यातले, जमिनीवरचे आणि हवेतले जीव मिळून त्याचं अंग झालं आहे. त्याच काळाच्या आसपास अजिंठ्यात पद्मपाणीची हळुवार काया रंगवली जात होती. एकाच देशात एकाच सुमारास माणसाच्या देहाबद्दल इतके निराळे विचार चालू होते, हे सांगताना मला अजूनही भरून येतं. काही पालकांना मुलांनी असलं भयंकर पाहू नये असं वाटतं. मी त्यांना समजावते. मुलं घाबरत नाहीत, ती खेकडा शोधतात, मग मासा शोधतात, आणि घरी येऊन स्वतःचं शरीर आपल्या ओळखीच्या वस्तूंनी बांधतात. एकीने आपल्या वडिलांचे हात ट्रकच्या चाकांनी आणि साखळ्यांनी केले होते. ते चित्र मी जपून ठेवलं आहे.

६. कुणाचं शरीर पूर्ण काढलं जातं, तेही बघावं.

रस्त्याकडेच्या जुन्या दगडांत वीरगळ असतो तेव्हा पुरुष लढतो, पडतो, अप्सरांबरोबर वर जातो, शिवापुढे बसतो. तीन-चार टप्प्यांत त्याची गोष्ट पूर्ण. सतीशिळेवर मात्र बऱ्याचदा बाईचा फक्त हात असतो, कोपरात वाकलेला, बांगड्यांसह. वर चंद्र आणि सूर्य. अख्ख्या आयुष्यातून तेवढा हात उरला. मुलींना मी हे न गुळगुळीत करता सांगते.

त्यांना मग गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' दाखवावी. 1896 मध्ये जे. जे. कला शाळेतल्या या तरुण विद्यार्थ्याने घडवलेली, लुगडं नेसून देवळाकडे निघालेली बाई. शाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवर हात बसवायचा रिवाज होता. म्हात्र्यांनी तो अभ्यास घेतला आणि लुगड्याच्या घडीखाली चालणारा पाय घडवला. ती कुणाला रिझवत नाही, ती आपल्या कामाला निघाली आहे. माझ्या मुलींना ती लगेच ओळखीची वाटते.

सरगुजातल्या रामगढच्या जोगीमारा गुहेत छतावर जुनी, पुसट झालेली चित्रं आहेत आणि ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. त्यात सुतनुका नावाच्या देवदासीवर प्रेम करणाऱ्या वाराणसीच्या देवदिन्नाचं नाव येतं, आणि त्याला रूपदक्ष, म्हणजे रूपं घडवण्यात निपुण, म्हटलं आहे. दोन हजार वर्षांहून जुना हा लेख. काढणाऱ्याचं नावही आहे आणि जिच्यावर जीव जडला तिचंही. आमच्या वर्गात चित्रामागे दोन नावं लिहायची, स्वतःचं आणि समोर बसलेल्याचं, हा नियम तिथून आला.

७. साधन नाही ही सबब नाही.

सरगुजातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार लग्नानंतर बराच काळ घराच्या भिंतींआड एकट्या राहिल्या. मुलासाठी त्यांनी मातीची खेळणी केली, मग बांबूच्या कामट्यांची जाळी करून तिच्यावर माती चढवली, तीत माणसं, पक्षी, साप, माकडं बसवली. 1983 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुणाकडे न शिकता केलेली ती बुटकी, हात उंचावलेली माणसं कुठल्याही तालात बसत नाहीत आणि तरी पूर्ण आहेत. मुलांना सोडायला येणाऱ्या आयांपैकी कुणी दाराशी रेंगाळली, तर मी तिच्या हातीही मातीचा गोळा देते.

८. जाणाऱ्यांसाठी थोडं.

सिरपूर रायपूरहून ऐंशी किलोमीटरच्या आत आहे. पहाटे निघावं. विटांचं लक्ष्मण मंदिर पाहून आनंदप्रभ कुटी विहारात जावं. 1953 नंतरच्या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्ववेत्त्याने केलेल्या उत्खननात तो उजेडात आला. आत भूमिस्पर्श मुद्रेतला भव्य बुद्ध बसला आहे. छायाचित्र घेण्याची घाई करू नये. मुलांना आधी त्याच्यासारखी मांडी घालून, उजवा हात जमिनीकडे सोडून बसवावं, मग वह्या काढाव्यात. उन्हं चढण्याआधी तिरपा उजेड असतो, तेव्हा कोरीवकामातली खोली डोळ्यांना नीट लागते. रायपूरचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा सिरपूर आणि संग्रहालय दोन्ही एका सुट्टीत जोडायचं असेल तर वार बघून बेत करावा. पेन्सिली जास्तीच्या न्याव्यात, टोकं फार मोडतात.